बसा, मी आणते

बाबांना तहान लागली की ते पाणी मागत नाहीत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकतात, पाय थोडे मागे ओढतात, अंग पुढे झुकवतात आणि एक श्वास घेतात. तो एक श्वास आम्हाला पुरतो. स्वयंपाकघरातून नाहीतर आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणतंच, "बसा बाबा, मी आणते." बहुतेक वेळा ती मीच असते. बाबा पुन्हा मागे टेकतात, पेला त्यांच्या हातात येतो आणि आपल्याकडून वडिलांचं काहीतरी झालं म्हणून मला बरं वाटतं. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

'बसा' हा आपल्याकडे मायेचा शब्द आहे. दारात आलेल्याला 'या, बसा'. घाईत असलेल्याला 'घटकाभर टेका तरी'. लग्नकार्यात वडीलधाऱ्यांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवायची. आणि नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला तर ज्याने त्याने सांगायचं, 'आयुष्यभर राबलात, आता बसून खा.' गेल्या वर्षभरात मी या शब्दाचा इतका विचार केला आहे की आता तो माझ्या तोंडून सहजी निघत नाही.

गेल्या पावसाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. वय ७२, त्यात २८ वर्षांचा मधुमेह. आठ दिवस रुग्णालयात आणि पुढे घरी, असे मिळून तीन आठवडे ते अंथरुणाला होते. आम्ही त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. चहा कॉटवर, जेवण कॉटवर, पाठीशी तीन उशा, मोबाइल हाताशी. ताप गेला, खोकला गेला, छातीचा फोटो स्वच्छ आला. पण त्यांना आंघोळीला नेताना एकदा आधारासाठी मी त्यांची मांडी धरली, तर ती माझ्या दोन पंजांत जवळजवळ मावली. हाड हाताला लागत होतं.

गणपतीत आरती झाल्यावर ते नेहमीसारखे पाटावर मांडी घालून बसले. बसले खरे, पण उठता येईना. एक हात जमिनीवर, दुसरा दादाच्या खांद्यावर, एक गुडघा अर्धवट वर. तसेच थांबले. मग हसून म्हणाले, "राहू दे रे, बसतो इथेच." प्रसादाची वाटी फिरत होती, पाहुणे बोलत होते, कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण बाबांच्या कानशिलावरून घामाची धार उतरत होती.

आणखी एक गोष्ट कळत नव्हती. खाणं निम्म्यावर आलं होतं, तरी साखर चढलेली. आजारपणात ती चढतेच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आजार सरून महिना झाला तरी खाली यायचं नाव घेईना. जेवण कमी आणि साखर जास्त, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नव्हता.

मी डॉक्टर नाही. भाषांतरं करते. त्यात वैद्यकीय मजकूरही असतो, त्यामुळे शोधनिबंध वाचायची थोडीफार सवय आहे. तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर वाचत बसू लागले.

पहिला हाती लागला तो अमेरिकेतल्या डॅलसचा प्रयोग. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं होतं. उठायचं नाही, चालायचं नाही. दमवणाऱ्या श्रमात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ते आधी आणि नंतर मोजलं. तीन आठवड्यांत ती ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीचे. पुन्हा तीच मोजणी. तीस वर्षांच्या वाढत्या वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं केलं होतं. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला, तेव्हा पन्नाशीतही ते विशीतल्या मूळ पातळीवर परत आले.

तीन आठवडे. आम्ही बाबांना जपलं तेही तीनच आठवडे. ती पोरं विशीची होती आणि बाबा बहात्तरचे. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तशीच अंधारात बसले होते.

साखरेचं कोडंही तिथूनच सुटत गेलं. जेवणातली साखर रक्तात उतरली की तिचं सर्वात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. साखर आत ओढून घेणारी प्रथिनं स्नायूंच्या पेशीत आतल्या बाजूला थांबलेली असतात. इन्शुलिनचा निरोप आला की ती पेशीच्या कडेवर येतात आणि साखर आत घेतात. मधुमेहात हा निरोप नीट ऐकू जात नाही. पण स्नायू आखडला-सैलावला, म्हणजे माणूस नुसता उठून चालायला लागला, की तीच प्रथिनं इन्शुलिनची वाट न बघता वर येतात. इन्शुलिनला दाद न देणारं शरीरही चालण्याला दाद देतं. बाबांचं गिऱ्हाईकच तीन आठवड्यांत रोडावलं होतं, आणि उरलेलं दिवसभर खुर्चीत निजून होतं. साखर जाणार कुठे?

बसण्याच्या या दुष्परिणामाची शास्त्राला पहिली मोठी चाहूल लागली ती लंडनच्या दुमजली बसमध्ये. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिलं, की दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा चाकामागे बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार खूप जास्त होतो. कंपनी तीच, बस तीच, सामाजिक थरही तोच. पुढे तर त्यांनी गणवेशाच्या पँटींची कंबरेची मापंही तपासली. स्वतः मॉरिस नव्याण्णव वर्षं जगले आणि उतारवयातही काम करत राहिले. अलीकडचं म्हणाल, तर २०१२ साली ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. बसून असलेल्या माणसांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालायला लावलं. तेवढ्यानं गोड पेय प्यायल्यानंतरची साखर सुमारे एक चतुर्थांशानं कमी चढली. घाम नाही, धाप नाही, नुसतं उठणं.

हे सगळं पटलं. तरी एक गाठ सुटत नव्हती, आणि ती आमच्या घरातली फार जुनी आहे.

बाबा कधीच लठ्ठ नव्हते. काडीसारखे. चव्वेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. त्याच्या वर्षभर आधी तपासणाऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, वजन अगदी बरोबर आहे, तुम्हाला कसली काळजी. निदान झाल्यावर मात्र आप्तेष्टांनी निकाल लावूनच टाकला: चोरून गोड खात असणार. आई साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवू लागली. दिवाळीत फराळाचं ताट पुढे आलं की बाबा ओशाळून हात मागे घ्यायचे, जणू त्यांच्यावर चोरी शाबीत झाली होती. हा माणूस चहासुद्धा मुळात कमी साखरेचा पिणारा. मी तेव्हा कॉलेजात होते. आतून मलाही वाटायचं, की काहीतरी केलंच असेल यांनी. ते आठवलं की आज मला वाईट वाटतं.

या गाठीचं उत्तर जिथे मिळालं ती जागा आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय, आणि तिथल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच छायाचित्र छापलं. दोघं शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे कुणीही 'उत्तम' म्हणावा असा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एकच आकडा आणि आत दोन निराळी शरीरं. युडकिन मॅरेथॉन पळतात आणि आपलं पळणं म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठण्यापुरतं, हेही याज्ञिकांनी तिथे मोकळेपणानं नोंदवलंय. स्वतःचं शरीर असं पुराव्यादाखल मांडणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. ते छायाचित्र मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे माझं वजन खोटं बोलत होतं?"

होय बाबा, खोटंच बोलत होतं. पण ही आतली चरबी आली कुठून? याज्ञिक या प्रश्नामागे ज्या रीतीनं गेले ती मला त्यांच्या कामातली सर्वात मोठी गोष्ट वाटते. ते मागे मागे जात राहिले. मधुमेह झालेल्या प्रौढ माणसापासून निघाले आणि चार वर्षांच्या मुलांपर्यंत आले. जन्मतः वजन कमी असलेल्या मुलांच्या रक्तात चौथ्या वर्षीच साखर आणि इन्शुलिन जास्त असल्याचं त्यांना दिसलं; १९९५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक डेव्हिड बार्कर तेव्हा सांगत होते, की मोठेपणीच्या आजारांची मुळं आईच्या पोटात असतात. मग याज्ञिक, साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल आणि इतर सहकारी जन्माच्याही मागे गेले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी बायका गरोदर व्हायच्या आधीपासून त्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. वजन, उंची, काय खातात, दिवसभर काय करतात. बाळ झालं की बहात्तर तासांच्या आत त्याची मापं घ्यायची. चिमट्यासारख्या उपकरणानं बाळाच्या पाठीवरची, खांद्याच्या हाडाखालची कातडीची घडी अलगद धरायची आणि तिची जाडी मोजायची.

त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं सगळीकडून बारीक: पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. फक्त पाठीवरची ती घडी जवळजवळ साउदॅम्प्टनच्या बाळांएवढी. पोटात असताना तुटवडा पडला तेव्हा बाळानं चरबी राखली होती आणि काटकसर केली होती ती स्नायूंवर. दिसायला किडकिडीत, आतून मेदाळ. बाबांचं अठ्ठावीस वर्षांचं कोडं पावणेतीन किलोच्या बाळाच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

त्याच अभ्यासात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी या बायकांच्या आहाराचा आणि कामाचा हिशेब मांडला. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या पोटात जात होतं त्यांची बाळं मोठी. आणि पाणी भरणं, शेतातली कामं, धुणी यांचा भार जिच्यावर जास्त, तिचं बाळ लहान. इथे मी थबकले, कारण इतके दिवस मी एकच मंत्र घोकत होते: हालचाल, हालचाल, हालचाल. आणि इथे तर हालचालीनंच बाळ खुरटलं होतं. गरोदर बाईनं चालूफिरू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. आजही डॉक्टर तिला चालायलाच सांगतात. पण पोटात पुरेसं अन्न नसताना दोन जिवांच्या बाईनं दिवसभर ओझी वाहायची ही वेगळी गोष्ट आहे. तिला व्यायाम म्हणत नाहीत.

मला आजी आठवली. बाबांची आई. मी तिला पाहिलं ते अगदी शेवटी, ती थकल्यावर. म्हणून बाबांना विचारलं, तुम्हाला ती कशी आठवते? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला आई बसलेली आठवतच नाही."

गावाबाहेरच्या आडावरून पाणी आणायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. सकाळच्या चार खेपा, संध्याकाळच्या दोन. मधल्या वेळात शेत, गोठा, जातं, चूल. सगळ्यांची पानं झाल्यावर उरलंसुरलं आपल्या ताटात. घरात म्हैस होती, पण लोणी कढवून तूप बाजारात जायचं. बाबा पोटात असतानाही खेपा तेवढ्याच होत्या. आत्याला ते तिच्या आजीनं सांगितलेलं. बाबा जन्मले तेव्हा त्यांचं वजन कुणी केलं नाही. आत्या म्हणते, "मुठीएवढा होता, कापसात गुंडाळून ठेवला होता." आजीची ती चुंबळ आमच्याकडे आहे. जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून केलेली, पाण्यानं आणि वजनानं दगडासारखी घट्ट झालेली. हंड्याच्या बुडाचा खोलगट गोल तिच्यात अजून तसाच आहे. मी बोटं फिरवून पाहिली. एवढ्या खेपांत कुणी तिला एकदा तरी म्हटलं असेल का, 'बैस गं जरा, मी आणते'?

मग तिचं ते काटकसरीनं घडलेलं लेकरू शिकलं, पुण्याला आलं आणि तेहतीस वर्षं एका कचेरीत खुर्चीवर बसलं. तुटवड्यासाठी तयार झालेलं शरीर भरल्या घरात, बैठ्या कामाला लागलं. त्यांनी काही चोरून खाल्लं नव्हतं.

हे एकट्या आमच्या घराचं नाही. त्या सहा गावांतली बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाल्या, आणि तपासलेल्या सगळ्यांतली जवळजवळ निम्मी पोरं तर वजनानं कमीच होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत, आणि उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटींच्या आसपास. आमच्या गावात आता नळ आला, फार चांगलं झालं. पण चौकातून कोथिंबिरीची जुडी आणायलाही पोरं मोटारसायकल काढतात. एका पिढीला बसू दिलं नाही, दुसरीला उठायचं काम उरलं नाही, आणि दोन्हींचा भार एकाच शरीरावर पडला.

याज्ञिक त्याही मागे गेले. त्या गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, हे त्यांना आढळलं होतं. म्हणून अभ्यासात जन्मलेली ती मुलं-मुली किशोरवयात असताना, २०१२ पासून, ती स्वतः आईबाप व्हायच्या कितीतरी आधी, त्यांना बी-१२ द्यायचा प्रयोग त्यांनी हाती घेतला. अजून न जन्मलेल्या बाळाच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या साखरेची काळजी आजच्या शाळकरी मुलीच्या ताटापासून करायची. कुणाला दोष द्यायचा नाही आणि घाईही करायची नाही. इतकी वर्षं त्याच गावांत, त्याच घरांत जात राहायचं. हे मला पंढरीची वारी न चुकवणाऱ्यांसारखं वाटतं.

आमच्याकडे दसऱ्यापासून बाबांचं उठणं सुरू झालं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी साधी गोष्ट दिली: खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी दोनदा, तेही उशी ठेवून खुर्ची उंच केल्यावर. दिवाळीत पाच. मार्गशीर्षात उशी काढली. जेवणानंतर घरातल्या घरात दहा मिनिटं फेऱ्या. मग एक जिना, मग दोन. पोळी-भाजीबरोबर वाटीभर उसळ, पनीरचे दोन तुकडे. साखर दोन महिन्यांत हळूहळू उतरली, गोळीचं प्रमाण तेच असताना.

सर्वात अवघड माझं मलाच गेलं. ते तळवे टेकतात, पाय मागे घेतात, तो श्वास घेतात आणि माझ्या घशाशी शब्द येतो. एकदा ते उठले आणि स्टीलचा पेला हातातून निसटून फरशीवर आपटला, पाणी सगळीकडे. मी धावले. ते म्हणाले, "थांब. मीच पुसतो." खाली वाकून पुसायला त्यांना पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मी दाराची चौकट धरून उभी होते.

या फेब्रुवारीतली गोष्ट. वहिनीला सातवा महिना लागलेला. रविवारी दुपारी आम्ही सगळे जेवत होतो. ताक आतच राहिलं होतं. सवयीनं वहिनी टेबलाच्या कडेला हात लावून उठायला लागली. मी तोंड उघडणार इतक्यात बाबांनी पाय मागे ओढले, अंग पुढे झुकवलं.

"बस गं तू. मी आणतो."

कुणीच काही बोललं नाही. ते उठले, हात न टेकता, आणि आत गेले. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग आतून हाक आली, "अगं, ताकाचं पातेलं कुठल्या कप्प्यात असतं?"